शुक्रवारची पिशवी

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, कॅलेंडर नव्हतं. वार कळायचा तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. तिथं ओळीनं सात खुंट्या होत्या आणि सात खुंट्यांना सात पिशव्या. त्या पिशव्या अक्कांच्या. अक्का म्हणजे रुद्रम्मा, माझी थोरली नणंद. त्यांना जाऊन आता तीस वर्षं होत आली. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, कारण आयुष्यभर त्यांनी फक्त लोकांना वेळेवर जेवू घातलं. म्हणून मीच लिहायला बसलेय. आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते. आधी सांगायची हिंमत नाही.

मी महादेवी. अक्कलकोटच्या बाजूची, कानडी मुलखातली. आई-वडील लहानपणीच गेले, काकानं वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, तर त्याच्या चार पोरींच्या मागं मी पाचवी. मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि पुढं काही वर्षांनी माझं लग्न लावून हात झटकले. "आता तिकडंच ऱ्हायचं, मागं वळून बगायचं न्हाय," हे त्याचं मला निरोपाचं बोलणं. तेव्हा निझामाचं राज्य होतं, लढाई चालू होती, आणि मी सोळा वर्षांची होते. सासर अणदूरच्या पलीकडं, बोरी नदीच्या अंगाला. घरात माणसं तेवीस. एका ताटात किती भाकरी लागतात याचा हिशेब मला पहिल्याच दिवशी लागला नाही आणि मी चुलीपुढं बसून रडले होते.

घराचे कर्ते माझे थोरले दीर, शांतलिंग भाऊजी. त्यांच्या बायको नागम्मा, म्हणजे माझ्या जाऊबाई. मग आमचे हे. ह्यांचं नाव ईरण्णा. त्या काळात तोंडानं घेत नव्हते, आता लिहायला हरकत नाही, उठून रागवायला ते आहेत कुठं. बाकी चुलत, मावस, त्यांची पोरं आणि दोन सालगडी. आणि सगळ्यांवर अक्का, भाऊजींपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या.

अक्कांचं सासर वाशीचं. नवरा पंचविशीतच गेला. पुढची सात-आठ वर्षं दिरांनी त्यांना गोठ्याशेजारच्या खोपटात ठेवलं आणि जात्याला जुंपलं. एकदा भाऊजी सहज भेटायला गेले तर बहीण शेणाच्या हातांनी कोरडी भाकरी खात उभी. बसायला वेळ नाही म्हणून उभी. भाऊजींनी तिथल्या तिथं त्यांची लोखंडी पेटी उचलली आणि त्यांना घरी आणलं. पेटीत एक हिरवं इरकल होतं, लग्नातलं. एवढाच त्यांचा संसार.

मी आले त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत या घरात म्हणे रोज सकाळी भांडण व्हायचं. "आज काय करायचं?" या एका प्रश्नावरून. एक म्हणायची मटकी, दुसरी म्हणायची काल तर मटकीच होती, तिसरी कोठीत गेली की बाहेर यायचं नाव नाही. न्याहारीला उशीर, शेतात भाकरी पोचायला उशीर, सालगडी उपाशी, भाऊजी तापलेले. त्यात सरकारी लेव्हीला धान्य जायचं, कोठीत काय उरलंय आणि ते कधीपर्यंत पुरेल हे कुणालाच सांगता यायचं नाही. एका दुपारी अक्का म्हणाल्या, "साकु!" कानडीत साकु म्हणजे पुरे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी घरातल्या बायकांची जुनी लुगडी मागून घेतली आणि सात पिशव्या शिवल्या, सातही वेगळ्या रंगाच्या.

सोमवारची हिरवी. ती त्यांच्या स्वतःच्या इरकलाची. त्यात खपली गहू, हुग्गीसाठी. हुग्गी म्हणजे कांडलेल्या खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. मंगळवारची लाल, तूर. बुधवारची मटकी, गुरुवारचे हुलगे. शुक्रवारची पिवळी, तिच्यात हरभऱ्याची डाळ. शनिवारी मूग. रविवारच्या पिशवीत शेंगदाणे, कारण त्या दिवशी खंडोबाचं म्हणून वांग्याचं भरीत व्हायचं आणि आठवड्याच्या कडक भाकरी थापून दुरडीत रचायच्या, त्यांच्या जोडीला शेंगाची चटणी. रविवारी दुपारी अक्का मापटं घेऊन बसायच्या आणि पुढच्या सात दिवसांचं भरून ठेवायच्या. पिशवी चुलीपुढं रिकामी झाली की ती उलटी करून खुंटीला लावायची. सकाळी येईल त्यानं भिंतीकडं बघायचं. पहिली सुलटी पिशवी दिसेल तो आजचा वार.

आणि तेवीस माणसांचं घर सुतासारखं सरळ झालं हो! ज्या पोरीला जे काम, ते तिला आदल्या दिवशीच ठाऊक. हुलगे कधी निवडायचे, मटकी कधी भिजवायची, कुणाला विचारायला नको. दुपारी बायकांना घटकाभर पाठ टेकायला मिळू लागली. मला तर तेव्हा वाटायचं की या बाईनं आम्हाला दुपार दिली. आज माझ्या सुनेच्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, पण ती दुपार नाही. तसली गार, शेणानं सारवलेल्या जमिनीवरची दुपार पुन्हा मिळाली नाही.

पिशव्यांची कीर्ती गल्लीत पसरली. सरकारी कागदावर बहमन आणि इस्फंदार असले फसली महिने यायचे, ते पटवाऱ्याखेरीज कुणाला कळत नव्हते. म्हाताऱ्या यायच्या आणि दारातून विचारायच्या, "रुद्रम्मा, उद्या काय शिजतंय गं?" हुलगे म्हटलं की त्यांना गुरुवार कळायचा.

पण सगळ्यात महत्त्वाचा सोमवार. सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी आमच्यात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. भाऊजी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा मोजकंच घ्यायचे. दिवेलागणीला लिंगपूजा करून हुग्गीनं उपास सोडायचे. बत्तीस वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. हुग्गी आधी बैलांना जायची. आमच्या म्हाताऱ्या बैलाचं नाव हौश्या. सोमवारी संध्याकाळी त्याचं दावं सोडलं की तो आपण होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि अक्का त्याच्या जिभेवर हुग्गीचा गोळा ठेवायच्या. "आला का माजा पावना," म्हणायच्या. तेवढं बोलताना त्यांचा आवाज निराळाच व्हायचा.

लढाई संपली त्या साली रब्बीच्या पेरणीला अक्का तापानं पडल्या. हिवताप. हुडहुडी भरली की चार घोंगड्या पुरायच्या नाहीत. मला पाचवा महिना चालू होता, म्हणून शेतावर जायचं नव्हतं. स्वयंपाक माझ्याकडं आला. जाऊबाई शेतात भाकरी पोचवायच्या. अक्कांनी पडल्यापडल्या मला सांगितलं होतं, "येक ध्यानात ठेव. घरात चूल पेटली न्हाय, समदे भाईर जेवले, तरी त्या दिवसाची पिशवी उलटी कराची. आतलं धान्य भिक्षेला येनाऱ्या अय्याच्या झोळीत घालाचं. पिशवी थांबली न्हाय पायजे." मी मान डोलवली. मी चौथी शिकलेली. मनात म्हटलं, काय या अडाणी बाईचे नियम!

त्या शुक्रवारी मठात दासोह होता, म्हणजे सगळ्या गावाला जेवण. आमचं घरदार, सालगड्यांसकट, दुपारी तिकडंच जेवलं. पिवळी पिशवी तशीच राहिली. शनिवारी सकाळी मी तिच्यापुढं उभी राहिले. तीन शेर हरभऱ्याची डाळ झोळीत घालायची? डाळ कालची काय आणि आजची काय! मी ती शनिवारी शिजवली. आपण घराचं नुकसान वाचवलं म्हणून स्वतःवर खूषही झाले. रविवारी शनिवारचे मूग केले. रविवारची पिशवी सुलटीच राहिली. भरीत आणि पिशव्या भरणं उद्या करू म्हटलं; उद्या सोमवार, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

बाहेर पेरणीची घाई. ओल उडून चाललेली, पुरुष अंधार असताना जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. कुणाच्या डोक्यात वार असणार? पहाटे भाऊजी पाणी प्यायला आत आले, भिंतीकडं पाहिलं, रविवारची पिशवी सुलटी दिसली, आणि ते औत जुंपायला निघाले. हौश्याचं दावं सोडलं तर तो तिफणीकडं जाईना. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. मी म्हटलं, तहान लागली असेल. भाऊजींनी कधी नव्हे ते त्याच्या पाठीवर दोन फटके दिले आणि ओढून नेला.

दुपारी सिद्धेश्वर अय्या भिक्षेला आले. अय्या म्हणजे आमचे जंगम, दर सोमवारी यायचे. मी वांगी भाजत होते. दारात भगवी छाटी दिसली आणि माझ्या हातातलं वांगं निखाऱ्यात पडलं. ते शेताच्या वाटेनंच आले होते. त्यांनी तिफण चाललेली पाहिली होती, आणि बांधावर बसून न्याहारी करून उठलेल्या भाऊजींना विचारलंही होतं, "शांतलिंगा, आज सोमवार. बरं हाय न्हवं समदं?"

थोड्या वेळानं भाऊजी आले. एका हातात हौश्याचं दावं. तिफण शेतातच टाकली होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. दारात उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "पिशव्या कुणी सांबाळल्या चार दिस?"

मला काका दिसला, त्याचं अंगण दिसलं, पोटात पाय हलला. "मी" एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं, ते निघालं नाही. आणि पलीकडच्या खोलीतून घोंगडी पांघरलेल्या अक्का भिंतीला धरत बाहेर आल्या.

"म्याच," त्या म्हणाल्या. "तापात चुकलं."

"तू तर पडून व्हतीस."

"पडून सांगत व्हते. म्या सांगितलं तसं तिनं केलं. पोरीला काय कळतं?"

भाऊजींनी खाली बघितलं. बत्तीस वर्षांचा सोमवार मोडला होता, बसवण्णाच्या दिवशी बैलाला जुंपलं होतं, वर मारलंही होतं. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. ते म्हणाले, "अक्का, तुझं वय झालं. थोडे दिस वाशीला जा. आराम कर."

आराम! वाशीला! घरातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. अक्कांकडच्या कोठीच्या किल्लीवर जाऊबाईंची कधीपासूनची नजर होती, पण त्यांनीसुद्धा पदर तोंडाला लावला. अक्का फक्त "बरं" म्हणाल्या. ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी त्या निघाल्या. तीच लोखंडी पेटी. तुळजापूरपर्यंत गाडी, पुढं धाराशिववरून मोटर. गाडीत बसताना मी पाया पडले. मला वाटलं आता तरी तोंडातून निघेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात दाबला, इतका जोरात की मला वर बघता येईना. गाडी गेली.

मी किती भेकड होते ते मला त्या दिवशी कळलं. पुढं पुष्कळ पाहिलं, रझाकारांच्या धामधुमीत रातोरात सोलापूरच्या हद्दीत पळालो तेही पाहिलं, पण स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

किल्ली जाऊबाईंकडं गेली आणि आठ दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. "आज काय करायचं?" पिशव्या खुंट्यांना होत्या, पण कुणी भरीना. सगळ्या रिकाम्या, काही उलट्या, काही सुलट्या. दोन दिवस ओळीनं मटकी, तिसऱ्या दिवशी पोरांची पोटं बिघडली. दुपार गेली, बायकांची तोंडं फुगली. जाऊबाई बिचाऱ्या काही वाईट नव्हत्या, पण तेवीस पोटांचं ओझं एका डोक्यावर कसं पेलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. अक्कांनी ते पेलताना कधी कण्हल्याचा आवाज केला नव्हता ना!

भाऊजी तर रोज संध्याकाळी मठात जाऊन वार विचारून यायचे. सरळ विचारायला लाजायचे, आडून विचारायचे. बाहेर कर्ता माणूस आणि स्वतःच्या घरात वार ठाऊक नाही.

पाचव्या सोमवारी ते दिवसभर उपाशी होते. दिवेलागणीला पूजा करून पाटावर बसले. जाऊबाई कावऱ्याबावऱ्या. खपली आदल्या दिवशी ओलवून कांडावी लागते, ते राहूनच गेलं होतं. त्यांनी ताटात भाकरी आणि आमटी वाढली. भाऊजींनी घास मोडला. तेवढ्यात दाराशी खुरांचा आवाज झाला. हौश्या येऊन उभा होता. मान आत घालून, जीभ बाहेर काढून. गेले चार सोमवार तो असाच येत होता आणि कुणीतरी त्याला हाकलत होतं. भाऊजींनी ते आज पहिल्यांदा पाहिलं. ते हातातला घास घेऊन उठले, त्याच्यापुढं धरला. बैलानं हुंगला आणि तोंड फिरवलं, पण दारातून हलला नाही.

भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून रडले. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. सकाळी उठून ते वाशीला गेले.

चौथ्या दिवशी अक्का आल्या. गालाची हाडं वर आलेली, दोन्ही तळहातांना जात्याचे फोड. गाडीतून उतरल्या त्या तडक गोठ्यात. हौश्याच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत येऊन भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! सातच्या सात उपाशी ठेवल्यात की गं!" जाऊबाईंनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. जाऊबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

रविवारी दुपारी अक्का मापटं घेऊन बसल्या. पिशव्या धुऊन वाळवलेल्या. मी समोर बसून एकेक तोंड उघडून धरत होते. घर निजलेलं होतं. पिवळी पिशवी आली.

"अक्का," म्हटलं, "त्या शुक्रवारची डाळ म्या शनवारी शिजवली व्हती. तुम्ही सांगितलं व्हतं तरी. चूक माजी व्हती."

अक्का डाळ मोजत होत्या. एक मापटं, दोन. थांबल्या नाहीत.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "शनवारी फोडणीत हरबऱ्याचा वास आला तवाच कळलं. ताप अंगात व्हता, नाकात न्हवता."

"मग सांगितलं का न्हाय?"

"उठले व्हते सांगायला. पाय लटपटले, पडले. म्हणलं सकाळी सांगू. सकाळी हुडहुडी भरली ती सोमवारीच उतरली."

"तसं न्हाय, अक्का. भाऊजींनी विचारलं तवा. तवा माजं नाव का न्हाय घेतलं?"

त्यांनी मापटं खाली ठेवलं. माझ्या पोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला हाकललं असतं तर कुठं गेली असतीस?" त्या म्हणाल्या. "मला वाशी तरी व्हती."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. फोड आलेला तो हात माझ्या केसांतून फिरत होता आणि केस त्याला अडकत होते. "भाऊजींना सांगते," मी म्हणत होते. त्या म्हणाल्या, "लेकरू होऊ दे, मग सांग." लेकरू झालं, मग दुसरं झालं, मग भाऊजी गेले, मग अक्का गेल्या. सांगायचं राहिलंच. ते आज लिहिलं. भाऊजी, पिशव्या मी चुकवल्या होत्या. अक्कांनी नाही.

त्या दुपारी माझं रडणं थांबल्यावर अक्कांनी पिवळी पिशवी भरून तिचं तोंड बांधलं आणि माझ्या हातात दिली. "जा," म्हणाल्या, "खुंटीला लाव. आन् शुकरवारी तूच उलटी कर."